मागची चाकं आता सरळ राहतात!

इथे ओहायोत शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं मॉन्स्टर ट्रक बांधतोय, 66 इंची टायरवाला. अशा ट्रकची मागची चाकं स्टिअरिंग व्हीलने नाही तर डॅशवरच्या छोट्या टॉगल स्विचने वळतात, आणि आमचा सगळा उन्हाळा तिथेच गेला.

आधी मागे साधा हायड्रॉलिक सिलिंडर होता, म्हणजे तेलाच्या दाबाने दांडा (रॉड) सरकवून चाकं वळवणारी नळी, रॉड एकाच बाजूला. रॉडच्या बाजूला तेलाला जागा कमी, म्हणून पंप तेवढाच असूनही चाकं एकीकडे झटकन वळायची आणि दुसरीकडे रेंगाळत. दोन्हीकडे रॉड असलेला सिलिंडर टाकला आणि तो फरक संपलाच.

पण स्विच सोडला की चाकं हळूहळू सरकायची. रॉडवर पांढऱ्या पेंटची रेघ मारून बघत बसलो, पाच मिनिटांत बोटभर हलली! मधल्या स्थितीत व्हॉल्व्हच्या स्पूलमधून, म्हणजे आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या दट्ट्याजवळून, तेल झिरपत होतं. मग दोन्ही लाइनींवर पायलट चेक व्हॉल्व्ह बसवले, म्हणजे समोरच्या लाइनीतून दाब (पायलट) आल्याशिवाय सिलिंडरमधलं तेल मागे न सोडणाऱ्या झडपा, आणि हो, स्पूल असा घ्या की मध्ये असताना दोन्ही लाइनी टँकला मोकळ्या होतील, नाहीतर पायलटमध्ये प्रेशर अडकतं आणि चेक नीट बंदच होत नाहीत, आम्ही पहिल्यांदा चुकीचाच आणला होता. झटके कमी करायला सिलिंडरमधून बाहेर जाणाऱ्या तेलावर फ्लो कंट्रोल, म्हणजे तेलाचा वेग आवरणारा व्हॉल्व्ह, लावला.

लीक शोधताना हात अजिबात फिरवू नका, पुठ्ठा धरा, बारीक फवारा कातडीत घुसतो.

आता चाकं मध्यावर आली की डॅशवर हिरवा दिवा लागतो, काल रात्री तो पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही दोघं ओरडलोच!