मखन्थ्लेथची जोडगाडी आता वेळेवर सुटते

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्या मॉडेल रेल्वेच्या टेबलावर रूळ, दोन फलाट आणि कोरं प्लायवुड एवढंच होतं. आता मखन्थ्लेथला गाडी तुटते, जुळते आणि वेळापत्रकात लिहिलेल्या मिनिटाला निघते. डोंगर, झाडं, स्टेशनची दगडी इमारत यांतलं काहीच अजून नाही. मला आधी सेवा उभी करायची आहे, देखावा मागून येईल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा वेल्सच्या मध्यातून जाणारा केंब्रियन मार्ग. श्रूजबरीपासून जवळजवळ सगळा एकेरी. मखन्थ्लेथच्या पुढे डवी जंक्शनला त्याला दोन फाटे फुटतात, एक अबेरिस्टविथला जातो आणि दुसरा समुद्राच्या कडेकडेने पुथ्लहेलीला. बर्मिंगहॅमहून साधारण दर दोन तासांनी येणारी चार डब्यांची गाडी मखन्थ्लेथला दोन-दोन डब्यांत विभागली जाते. परतीच्या गाड्या तिथेच एकमेकींना जोडल्या जातात. मी २०१९चा उन्हाळा धरला आहे, म्हणजे सगळ्या गाड्या १५८ वर्गाच्या डिझेल. प्रमाण ब्रिटिश एन, १:१४८. चार डब्यांची गाडी सुमारे ६३ सेंटिमीटर भरते, ती फलाटाला नीट लागते. मखन्थ्लेथ ते डवी जंक्शन हे साडेसहा किलोमीटरच्या आसपासचं अंतर मात्र याच प्रमाणात ४० मीटरच्या वर जाईल. म्हणून अंतर कापलं, वेळ कापली नाही. स्टेशनातून सुटलेली गाडी पडद्यामागच्या यार्डात जाते आणि पुढच्या स्टेशनची वेळ होईपर्यंत तिथे थांबते.

घड्याळाबद्दल आपल्या मॉडेल रेल्वेवाल्यांत मतभेद आहेत, ठाऊक आहे. बरेच जण चौपट वेगाचं घड्याळ लावतात, म्हणजे खऱ्या एका तासात खेळातले चार तास. लांब पल्ल्याच्या मालगाड्या खेळवताना ते शोभतंही. पण दोन गाड्या जोडायला लागणारा वेळ घड्याळाच्या वेगाने आकसत नाही. गाडी फलाटात येणार, मागची हळूहळू तिच्याजवळ सरकणार, कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, बसणार, चालक उलट ओढून जोड धरला की नाही ते बघणार, मग दोन्ही भागांच्या मधलं दार उघडणार. चौपट घड्याळात या कामाला अर्धा तास लागल्यासारखं दिसेल. म्हणून माझ्याकडे खरं घड्याळ.

जोडणीतलं मोठं काम सिग्नलिंगचं होतं. या मार्गावर रुळांच्या कडेला दिव्यांचे सिग्नल नाहीत. २०१०-११मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा ईटीसीएस या युरोपीय सिग्नल यंत्रणेची दुसरी पातळी इथेच बसवली गेली. कुठपर्यंत आणि किती वेगाने जायला परवानगी आहे, हे चालकाला केबिनमधल्या पडद्यावर दिसतं, तेही किलोमीटरमध्ये, बाकीच्या ब्रिटनसारखं मैलांत नाही. रुळाशेजारी असतात त्या निळ्या चौकोनावर पिवळा बाण काढलेल्या छोट्या पाट्या. मी त्या कागदावर छापून सुईच्या टोकावर चिकटवल्या आहेत. चालवणाऱ्याच्या हातात जुना टॅबलेट असतो. जेएमआरआय हे मॉडेल रेल्वे चालवण्याचं सॉफ्टवेअर रुळांच्या तुकड्यांवर कोण उभं आहे ते ओळखतं, आणि टॅबलेटवर वेग व अंतर दाखवलं जातं. भरलेल्या फलाटात दुसरी गाडी घ्यायची वेळ आली की पडद्यावर ‘नजरेवर चाला’ ही स्थिती येते. खऱ्या ईटीसीएसमध्येही अशीच तरतूद आहे. इथून पुढे यंत्रणा फक्त वेगाची मर्यादा धरून ठेवते, समोरच्या गाडीआधी थांबण्याची जबाबदारी चालकाची. हे चालू झालं त्या संध्याकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती श्वास रोखून उभे होतो, आणि गाडी अलगद टेकली.

आता डब्यांच्या क्रमाविषयी, कारण माझ्या मते या मार्गाची खरी गंमत इथेच आहे. बर्मिंगहॅमहून आलेली गाडी श्रूजबरीला दिशा बदलते. आलेल्या बाजूनेच बाहेर पडून सटन ब्रिज जंक्शनला वेल्सकडे वळते. म्हणजे बर्मिंगहॅमला पुढच्या डब्यात चढलेला प्रवासी श्रूजबरीनंतर शेवटच्या डब्यात बसलेला असतो, जागेवरून न उठता. मखन्थ्लेथला आधी पुढचा भागच सुटू शकतो, त्यामुळे कुठला भाग कुठे जाणार हे बर्मिंगहॅमला डबे लावतानाच ठरवावं लागतं. माझ्या आराखड्यात मखन्थ्लेथला पुढे असलेले दोन डबे अबेरिस्टविथला जातात. गार्डचं काम करणाऱ्या सोबत्याने श्रूजबरी सोडल्यावर मोठ्याने घोषणा करायचीच, असा नियम केला आहे. सुरुवातीला सगळे हसले, आता ती घोषणा कुणी चुकवत नाही. पुथ्लहेलीला जायचं आणि बसलात अबेरिस्टविथच्या डब्यात, हे होऊ नये यासाठीच तर गार्ड असतो.

(श्रूजबरीचं नाव निघालंच आहे तर: तिथल्या सेव्हर्न ब्रिज जंक्शन केबिनमध्ये १८० खटके आहेत, १९०३ सालची केबिन, आणि चालू असलेल्या यांत्रिक सिग्नल केबिनांमध्ये ती जगातली सर्वांत मोठी. हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलांखालून निघालेली गाडी थोड्याच वेळात चालकासमोरच्या पडद्यावर चालू लागते. श्रूजबरी कधी बांधली तर याच एका कारणासाठी बांधीन.)

कोकण रेल्वेने जाणाऱ्याला एकेरी मार्ग समजावून सांगावा लागत नाही. रोहा ते वीर दुपदरी झालं, पुढे क्रॉसिंग आलं की थांबणं आलंच. केंब्रियनवर हेच तालेर्दिग, न्यूटाउन, वेल्शपूलच्या लूपमध्ये, म्हणजे गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जोडरुळावर, होतं. फरक असा की इथे क्रॉसिंगचं गणित जोडणीला बांधलेलं आहे. अबेरिस्टविथचा भाग मखन्थ्लेथला वेळेवर आला आणि पुथ्लहेलीहून येणारी किनाऱ्याची गाडी वाटेत बार्मथजवळ अडकली, तर काय करायचं? थांबलो तर समोरून येणारी गाडी तालेर्दिगला उभी राहते, मग तिच्यामागची, आणि संध्याकाळपर्यंत सगळी लाइन उशिरा. न थांबता दोन डबे सोडले तर मागून येणाऱ्या किनाऱ्याच्या गाडीला एकेरी रुळावर वेगळी वाट शोधावी लागते, जी वेळापत्रकात नाहीच. गेल्या काही बैठकांत आम्ही दोन्ही करून पाहिलं. माझं मत झालं आहे: दहा मिनिटांपर्यंत थांबा. त्यापुढे अबेरिस्टविथचे दोन डबे सोडा आणि उशिराची गाडी मखन्थ्लेथलाच संपवून तिथूनच किनाऱ्याकडे परत फिरवा. आतल्या प्रवाशांना दोन तासांनी येणाऱ्या पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते, हे मला बोचतं. पण लाइन सावरते.

नियमांच्या वहीत दोन नियम या मार्गाच्या इतिहासातून आले आहेत. पहिला: हातात दिलेला कोणताही कागद घेणाऱ्याने मोठ्याने वाचायचा. २६ जानेवारी १९२१ला अबरम्यूलजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळून १७ जण गेले. एकेरी मार्गाची टॅबलेट, म्हणजे आपल्याकडच्या गोळ्यासारखीच चालकाच्या हातची परवानगी, हातोहात फिरली आणि तिच्यावरचं नाव कुणीच वाचलं नाही. चालकाला त्याचीच टॅबलेट परत मिळाली होती. दुसरा नियम: तात्पुरत्या वेगमर्यादा फळ्यावर आणि चालकाच्या कार्डावर, दोन्हीकडे. २० ऑक्टोबर २०१७ला सिग्नलिंगचा संगणक पुन्हा सुरू झाल्यानंतर किनाऱ्याच्या मार्गावरच्या तात्पुरत्या मर्यादा गाड्यांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर मात्र त्या लागू दिसत होत्या. ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेच्या फाटकावरून एक गाडी सुमारे ८०ने गेली. बिघाड कळवला तो चालकाने.

पूर्वी खेळात अडचणी आणणाऱ्या आमच्या पत्त्यांमध्ये ‘घसरडे रूळ’ असाही एक पत्ता होता. तो काढून टाकला. ऑक्टोबर २०२४मध्ये तालेर्दिगच्या लूपमध्ये थांबायची गाडी चाकं घसरून पुढे गेली, समोरून येणाऱ्या गाडीला धडकली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. पुढच्या डब्यातून रुळांवर वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या आढळल्या. ते खेळात नको.

राहिलेली कामं बरीच आहेत. कपलरमधली चुंबकं वळणावर अजून सुटतात, म्हणून फलाटाचा वळणाकडचा भाग सरळ करायला घेतला आहे. दोन-दोन डब्यांची दोन्ही युनिटं जोडल्यावर त्यांच्या डीकोडरचे, म्हणजे हुकूम ओळखणाऱ्या चिपचे, क्रमांक आपोआप एकत्र व्हावेत यासाठी स्क्रिप्ट लिहितोय, सध्या हाताने करतो. विनंतीथांब्यांचा प्रश्नही मोकळाच आहे. तालसार्नाऊ, टिग्विनसारख्या थांब्यांवर कुणी हात केला किंवा उतरणाऱ्याने गार्डला सांगितलं तरच गाडी थांबते. गार्डने फासा टाकून ठरवावं, असं एकाने सुचवलं आहे. मला त्यापेक्षा प्रवाशांची कार्डं पटतात, कारण शाळेची मुलं रोज त्याच गाडीला त्याच थांब्यावर असतात.

त्यानंतर डवी जंक्शन. दलदलीत उभं, मोटार न पोहोचणारं, फक्त पायवाट असलेलं स्टेशन. तिथला फलाट एन प्रमाणात कुणी कापला असेल तर मोजमापं पाठवा, या महिन्यात प्लायवुड आणतो आहे.