आमची वाटचाल: चलन मालकाचं की ड्रायव्हरचं?

आमचा धंदा रत्नागिरी ते वाशी मालवाहतूक. सीझनला आंबा, बाकी वर्षभर मिळेल तो माल. २००९ ला एक सेकंडहँड ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, घेऊन सुरुवात केली, आज पाच गाड्या आहेत, सगळ्यांचे कागद क्लिअर आणि एकाही गाडीवर थकलेलं चलन, म्हणजे वाहतुकीचा दंड, नाही, हे छाती ठोकून सांगतो. मधल्या वर्षांचं काय सांगू, गाड्या चालल्या, हप्ते फिटले. सांगायचंय ते २०२२ च्या सीझनचं, कारण हा चलनासाठी ड्रायव्हरचा पगार कापतो, असं आमच्याबद्दल त्यावरून अजून उलटसुलट बोललं जातं.

पण त्याआधी आमच्या दादांबद्दल. पहिल्या ४०७ वर ड्रायव्हर होते ते, पण नोकर कधी नव्हतेच, पार्टनरच म्हणा. गाडी भरायची कशी ते मी त्यांच्याकडून शिकलो. लाकडी पेट्या खाली, पुठ्ठ्याचे बॉक्स वर, दोन थप्प्यांच्या मधे हवा खेळायला फट, वरून ताडपत्री घेऊन रस्सा असा ओढायचा की घाटात वळणावर गाडी झुकली तरी थप्पी हलत नाही आणि खालच्या पेटीतलं फळही दबत नाही. आणि भरून झालं की मागे जाऊन पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघायचे. पाटे सरळ झालेले दिसले की पेट्या उतरवायच्या, मग बागायतदार कितीही विनवण्या करू दे. ओव्हरलोडचं चलन रस्त्यावर फाटतं पण ते ठरतं बागेत, हे त्यांचं म्हणणं आम्ही आजपर्यंत पाळलंय.

तर डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात दंडाचे नवीन रेट लागू झाले आणि लगेच पुढे आंब्याचा सीझन. त्यात चिपळूणजवळच्या परशुराम घाटाचं रुंदीकरण चालू, एप्रिल-मे मधे दुपारचे काही तास घाटच बंद. वाशीच्या मार्केटला माल पहाटे लागला पाहिजे, उशीर झाला तर रेट गेला, हे या लाईनीत कोणाला सांगायला नको. मग घाटात अडकलेली गाडी पुढे मोकळा रस्ता मिळाला की पळणार, आणि पनवेलच्या अलीकडे कुठेतरी स्पीडगनवाले उभे. मेसेज येतो मालकाच्या मोबाईलवर, ड्रायव्हरला पत्ताही नसतो. परत आला की मी फोटो दाखवायचो, तारीख वेळ दाखवायचो, मगच हिशोब. आमचा नियम तेव्हाही सरळ होता, कागदपत्रं, पासिंग, पीयूसी, इन्शुरन्स, लोड हे मालकाचं. मोबाईल, सीटबेल्ट, सिग्नल हे ड्रायव्हरचं. आणि स्पीडचं चलन घाटबंदीच्या दिवसातलं असेल तर अर्धं अर्धं. दादांना विचारूनच ठरवलेलं.

आमच्याच भागातल्या एका गाडीवाल्याने नेमकं हेच धरलं. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. हातखंब्याला चहाच्या टपरीवर आमच्या पोरांना सांगायचा, "तो तुमचा पगार कापतो, आमच्याकडे या, सगळी चलनं मालक भरतो." अक्षय तृतीया ३ मेला होती, त्याच्या तोंडावर पाचातले तिघे ड्रायव्हर एका रात्रीत गेले. चाव्या ऑफिसच्या खिडकीत ठेवून गेले, फोन पण उचलला नाही. शेडमधे पेट्या लागलेल्या, पत्रा तापलेला, आंबा वास मारायला लागला होता. दोन बागायतदारांनी माल काढून त्याच गाडीवाल्याकडे दिला. बँकेचा हप्ता थकला, डिझेलवाल्याने उधारी बंद केली. धंदा बंद पडायला आला होता हो.

पावसचे एक बागायतदार काका तेवढे थांबले. आमच्या पहिल्या ४०७ मधे पहिला माल त्यांचाच गेला होता. त्या गाडीवाल्याने दारात पाठवलेली गाडी त्यांनी परत पाठवली आणि मला फोन करून म्हणाले, "माल तुझ्याच गाडीतनं जाईल, उद्या गेला तरी चालेल, तू घाईने गाडी हाकू नको." त्या सीझनला दादांनी एक गाडी घेतली, मी दुसरी घेतली, आणि काकांचा माल एकदाही खराब पोचला नाही.

आणि त्या "मालक भरतो" चं काय झालं ते पण ऐका. सीझन संपल्यावर त्याने सगळी चलनं एकरकमी बेरीज करून पोरांच्या शेवटच्या पगारातून वळती केली. ना फोटो दाखवला ना तारीख. एकाच्या हिशोबात तर तो गाडीवर नव्हताच त्या दिवसाचं चलन होतं. तिघांतले दोघे पावसाळ्यात आमच्याकडे परत आले, मी घेतले, कारण गाडी चांगली चालवतात. पण टपरीवर माझी बदनामी झाली ती कोणी येऊन पुसली नाही.

आता नवीन गाडी घेणाऱ्यांना सांगतो. कायदा वाचा. कलम १८३ मधे जोरात चालवणारा दोषी आहेच, पण आपल्या ड्रायव्हरला तसं चालवायला लावणारा पण दोषी आहे, म्हणजे "चारच्या आत वाशी" असं फोनवर ओरडायचं आणि नंतर स्पीडचा दंड त्याच्या माथी मारायचा हे चालत नाही. ओव्हरलोडला कलम १९४, २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, माल उतरवायचा खर्च वेगळा. पगारातून काय कापता येतं ते १९३६ च्या वेतनाच्या कायद्यापासून ठरलेलं आहे, बाजू ऐकून न घेता परस्पर कापणं त्यात बसत नाही. आरसीला चालू मोबाईल नंबर टाका. आणि चलन आलं की आधी फोटो उघडून बघा, आम्हाला एकदा कोणाच्या तरी स्कूटरचं चलन आलं होतं, अ‍ॅपवर तक्रार टाकली, रद्द झालं.

आमच्या प्रत्येक गाडीत डॅशबोर्डला सुतळीने बांधलेली वही असते. गाडी कोणाच्या ताब्यात, किती वाजता सुटली, पेट्या किती, घाटात किती वेळ थांबली, खाली ड्रायव्हरची सही. चलन आलं की वही उघडायची, पाच मिनिटात कळतं कोणाचं. वही सुरू केल्यापासून आमच्याकडे चलनावरून एकही ड्रायव्हर गेलेला नाही.

एकच भांडण राहिलंय, ते मार्केटातल्या आडतवाल्यांशी, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालांशी. गाळ्यासमोर जागा नसते, ते सांगतात रस्त्याला लाव आणि खाली कर, मग नो पार्किंगचं चलन येतं आणि ते हात वर करतात. जागा त्यांनी सांगितली तर दंड त्यांचा, असं मी म्हणतो. म्हणून भाड्याच्या बिलात ती वेगळी ओळ टाकतो, सोबत वहीच्या पानाचा फोटो. काहीजण देतात, बाकीचे ती ओळ खोडून पैसे पाठवतात. खोडलेली रक्कम मी पुढच्या बिलात मागील बाकी म्हणून परत लिहितो.