हेल्मेट वाळूवरच घालायचं

बेळगावाहून गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्याला निघालेल्या दोन मोटारसायकली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याची वळणं, खाली साखळी, मग म्हापसा. तीनेक तास चालवणाऱ्याच्या डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट, मागच्याच्याही. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही ते जानेवारी २०१६ पासून सक्तीचं आहे. किनाऱ्यावर पोचलं की तेच हेल्मेट आरशाला अडकतं आणि माणूस उघड्या डोक्यानं बारा चौरस मीटरचा काइट, म्हणजे हवा भरायचा मोठा पतंग, फुगवायला बसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाण्यातच पडायचंय, त्याला हेल्मेट कशाला की?"

सगळा घोळ या उत्तरात आहे. काइटबोर्डिंगमध्ये, म्हणजे या पतंगाच्या ओढीनं पायाखालच्या बोर्डावरून पाण्यावर पळायच्या खेळात, डोक्याला खरी भीती वाळूची, बोर्डाची आणि किनाऱ्यावरच्या टणक वस्तूंची. पाण्याचा नंबर त्यांच्यानंतर.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा एका झोतात २१ नॉट झाला, तर ओढ दीडपट होत नाही, जवळजवळ दुप्पट होते. वीस-चोवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला काइट डोक्याच्या बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी धरून कुणी वाळूत गप्पा मारत उभा असेल आणि असा झोत आला, तर माणूस सरळ वर उचलला जातो. पडतो तिथं पाणी नसतं. गोव्यात उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो आणि मोरजीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे वारा तिरका, समुद्राकडून जमिनीकडे. शिकणाऱ्याला हा वारा चांगला, कारण तो खोल समुद्रात नेत नाही. पण चुकलेल्या प्रत्येकाला तो वाळूकडेच आणतो, आणि तिथं होड्या असतात, शॅकचे खांब असतात, माड असतात.

म्हणून क्रम पाठ पाहिजे. आधी हेल्मेट, त्याचा पट्टा बंद. मग हार्नेस, म्हणजे कमरेचा हुक असलेला पट्टा, मग सेफ्टी लीश, म्हणजे काइट सुटला तरी तो माणसाला जोडून ठेवणारी दोरी, सगळ्यात शेवटी चिकन लूप, म्हणजे काइटची ओढ हार्नेसवर घेणारं कडं, हुकात. बरेच जण उलटं करतात: काइट वर चढवून, पाण्याच्या कडेपर्यंत चालत जाऊन, एका हातानं बार, म्हणजे काइट वळवायचा दांडा, धरून दुसऱ्या हातानं हनुवटीचा पट्टा चाचपतात. सगळ्यात धोक्याचे दोन मिनिट तोवर उघड्या डोक्यानं गेलेले असतात, वर एक हात बारवरून सुटलेला असतो. लाँच करताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो तिकडे, निदान पन्नास मीटर जागा मोकळी हवी. काइट पाण्याच्या बाजूला, खाली धरायचा आणि लगेच पाण्यात शिरायचं. उतरताना काइट दुसऱ्याच्या हातात गेला, चिकन लूप सुटला, की मगच हेल्मेट काढायचं.

दुसरा मार बोर्डाचा. बोर्ड निसटू नये म्हणून काही जण तो लीशनं हार्नेसला बांधतात. पडल्यावर काइट माणसाला वाऱ्याच्या दिशेला ओढत नेतो, बोर्ड पाण्यात अडकून मागं राहतो, लीश रबरासारखी ताणली जाते आणि मग बोर्ड सुटतो तो थेट माणसाच्या डोक्याकडे. गलोल कशी चालते ते गावाकडच्या पोरांना समजावायला नको. बोर्ड लीश वापरूच नये. बोर्डाकडे परत जाण्यासाठी बॉडी ड्रॅग शिकावा, म्हणजे काइटच्या ओढीनं शरीर तिरकं करून वाऱ्याच्या वरच्या दिशेला, म्हणजे वारा येतो तिकडे, सरकणं. ते जमत नाही तोवर खोल पाण्यात जायची घाई करू नये.

आणि पाणी अगदीच निरुपद्रवी आहे असंही नाही. बोर्डाची कड अचानक रुतली की माणूस कानाच्या बाजूनं पाण्यावर थप्पड बसल्यासारखा आपटतो, त्यात कानाचा पडदा फाटू शकतो. म्हणून कान झाकणारं, पण कानापाशी भोकं असलेलं हेल्मेट घ्यावं. भोकं नसतील तर वारा आणि शिकवणाऱ्याची हाक दोन्ही ऐकू येत नाहीत.

मग गाडीचंच हेल्मेट का नको? त्यातला थर्माकोल, म्हणजे ईपीएस, एकदाच दबण्यासाठी केलेला असतो. दबला की पुन्हा फुगत नाही. आतला कापडी अस्तर-स्पंज पाणी पितो. फुलफेस असेल तर पडल्या क्षणी ते बादलीसारखं भरतं आणि हनुवटीचा पट्टा मान मागं खेचतो. सायकलच्या हेल्मेटमध्येही ईपीएसच असतो, शिवाय त्याच्या मोठ्या फटींत दोरी अडकू शकते. पाण्याच्या हेल्मेटला पाणी निघायला भोकं असतात आणि आत पाणी न शोषणारा फोम. आतल्या लेबलवर ईएन १३८५ हे युरोपी मानक शोधा. हे मानक मुळात खळाळत्या नदीत होडी चालवणाऱ्यांसाठी आहे. त्यातला धक्का तुलनेनं कमी जोराचा धरलेला असतो, त्यामुळे मोठ्या उड्या मारणाऱ्यानं या स्टिकरवर फार विसंबू नये. पुढं टोपीसारखी चोच असलेलं घेऊ नये, तीही पाणी पकडते. वर कॅमेरा लावायची हौस असेल तर त्याचा खुंटा झटक्यानं सुटणारा हवा. पक्का खुंटा म्हणजे दोरीला आयता हुक.

मापासाठी भुवयांच्या वर दीड बोट टेप गुंडाळा. हेल्मेट घालून, पट्टा बंद करून, मागून कड पकडून पुढं ढकला. कपाळावरून सरकत डोळ्यांवर आलं तर मोठं आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नाही. सैल हेल्मेट पाण्यात जास्त ओढ देतं, म्हणून "पुढं केस वाढवणार आहे" असल्या हिशोबानं मोठं घेऊ नका. रंग केशरी किंवा पिवळा. काळं हेल्मेट लाटांत दिसत नाही, ते फोटोत छान दिसतं एवढंच.

हेल्मेटनं मेंदूचा हिसका पूर्ण थांबत नाही, आणि ते माणसाला तरंगवत नाही. घातलंय म्हणून दोन मीटर जास्त उंच उडायचं, हा हिशोब बरेच जण नकळत करतात. पण सवय बिघडते ती वेगळ्याच कारणानं. शिकताना हेल्मेट असतं, कोर्स संपला की जातं, कारण शिकवणारा स्वतः उघड्या डोक्यानं उभा असतो. शिनोळीला कर्नाटकाची हद्द आली की टाकीवरून डोक्यावर चढणारं हेल्मेट आपण बघतोच. तिथं निदान चलानाची भीती असते, समुद्रावर कुणी चलान फाडत नाही.

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरवर काइट उडवायची कल्पना काहींच्या डोक्यात असते. धरणाच्या पाण्यावर डोंगरांतून वळून आलेला वारा झोतांचा असतो, त्याचा अंदाज समुद्रासारखा बांधता येत नाही. पाणी उतरलं की काठाला दगड आणि बुडालेली खोडं वर येतात. परवानगीचा प्रश्न वेगळाच. शिकायची जागा ही नव्हे. तिथं जो उतरेल त्याला हेल्मेटची गरज मोरजीपेक्षा जास्त आहे.

घरी आल्यावर हेल्मेट गोड्या पाण्यानं धुवायचं, बकलच्या खाचेतली वाळू जुन्या टूथब्रशनं काढायची आणि सावलीत वाळवायचं. उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नये, कवचावर थिनर किंवा पेट्रोल लावू नये. बेळगावच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं तर गणपतीपर्यंत आत बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून खुंटीला टांगलं तर टिकतं. कवचाला बारीक चीर दिसली किंवा आतला फोम बोटानं दाबल्यावर परत वर आला नाही, तर ते हेल्मेट झाडाच्या कुंडीला वापरा.