चिंचेनं घासलेली शिवराई

परवा एका दोस्तानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्याच्या आज्जीच्या ट्रंकेत सापडलेलं तांब्याचं नाणं, आणि खाली लिहिलंय "बघ कसं चकाचक केलंय, नवंकोरं दिसतंय की नाई". माझ्या काळजात धस्स झालं बगा. कारण मी पण सहावीत असताना हेच केलं होतं आणि ते अजून मला सलतंय.

आमचा आज्जा शहापुरात राहायचा. त्याच्या पान खायच्या चंचीत सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी आणि तळाला एक जाड काळपट नाणं असायचं. एका दिवाळीला त्यानं ते माझ्या हातावर ठेवलं, म्हणाला ठेव जपून, ही शिवराई आहे, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. मला काय आनंद झाला सांगू, लगेच परसात गेलो, चिंच आणि चुलीतली राख घेतली आणि अर्धा तास घासलं. गुलाबी, लखलखीत झालं. आठ दिवसात त्यावर डाग पडले आणि महिन्याभरात ते ना धड काळं ना धड लाल असं झालं. पुढं कित्येक वर्षांनी कोल्हापूरला एका प्रदर्शनात एका जाणत्या माणसानं ते भिंगाखाली धरलं आणि मला बघायला लावलं. "श्री" ची वेलांटी जवळजवळ गेलेली, आणि सगळीकडं बारीक बारीक ओरखडे, नांगरलेल्या शेतासारखे. ते काही बोलले नाहीत, मला कळलं.

तांब्यावर वर्षानुवर्षं हवेनं जो काळसर चॉकलेटी थर धरतो ना, त्याला आम्ही पॅटिना म्हणतो, तो म्हणजे मळ नव्हे. तोच खालच्या धातूला सांभाळतो, आणि नाणं खरं जुनं आहे हे पण त्यावरनंच ओळखतात. चिंचेतलं आम्ल तो थर काढतं आणि राखेचे कण अक्षरं झिजवतात. लईच माती असली तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या, चोळू नका, बास.

शिवराईबद्दल अजून एक, कारण आमच्याकडं बेळगावात, खानापुरात, निपाणीत ती खूप घरांत सापडते. एका बाजूला तीन ओळीत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली हे खरं, पण त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं, पेशवाईत सुद्धा, त्याच नावानं शिवराया पडत राहिल्या, ठिकठिकाणच्या टांकसाळीत, म्हणून अक्षरांच्या वळणात आणि शुद्धलेखनात एवढे फरक दिसतात. त्यामुळं घरात सापडलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, बहुतेक तर नंतरच्याच. मला त्यानं ती कमी वाटत नाही. माणूस गेल्यावर इतकी वर्षं लोक त्याच्याच नावाच्या पैशानं मीठमिरची घेत होते, अजून काय पाहिजे?

सुरुवात करणाऱ्यांनी लगेच शिवराईच्या मागं लागू नये, असं मला वाटतं. बसमध्ये कंडक्टर सुट्टे देतो त्यातनंच करा. सालाच्या खाली बघा, नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं त्याची खूण असते, पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी खूण असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. एकाच सालची चारही टांकसाळींची नाणी जमवायला मला एकदा दोन वर्षं लागली. आणि घरात इंग्रजांच्या काळातला राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा बंदा रुपया असला तर सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा, ११.६६ ग्रॅम, जुन्या मापाचा बरोबर एक तोळा भरला पाहिजे. १९४० पासून मात्र त्यातली चांदी निम्म्यावर आणली होती, म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका, साल पण बघा.

कार्डांचं पण तेच, जेवढं कमी हाताळलेलं तेवढी किंमत. नाण्यांच्या डब्याशेजारी माझा दुसरा डबा आहे, त्यात शाळेतली ट्रम्प कार्डं, कुस्तीवाली आणि क्रिकेटवाली. अमेरिकेत २०२२ च्या ऑगस्टमध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, आणि ते का, तर कोपरे धारदार, रंग ताजे, कुणी हाताळलेलंच नाही. माझ्याकडं अनिल कुंबळेचं कार्ड आहे, चारी कोपरे मऊ झालेले. १९९९ च्या फेब्रुवारीत त्यानं दिल्लीत पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेट काढल्या त्या संध्याकाळी मी निळ्या बॉलपेननं त्यावर १०/७४ लिहिलं. बाजारात त्याला कोण रुपया देणार नाही. मी ते लाखाला पण देणार नाही.

विकायच्या नादात मात्र जपून. आमच्या काकीला फोन आलेला, कमळवालं पिवळं २० पैशाचं नाणं तीन लाखाला घेतो, आधी फी भरा. नशीब, पैसे भरायच्या आधी तिनं मला विचारलं. रिझर्व्ह बँकेनं २०२१ लाच जाहीर केलंय की आमच्या नावानं असं कमिशन कोण मागत असेल तर ते खोटं. ज्याला खरंच नाणं घ्यायचंय तो तुमच्याकडनं आधी पैसे मागत नाही. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, राम-हनुमानाची १८१८ ची नाणी दाखवतात ना, तसली नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत.

गेल्या दसऱ्याला खानापूरकडं एका नात्यातल्या आज्जीकडं गेलो होतो. तिच्या देवघरात टाकांच्या शेजारी शिवराई आहे, सासूकडनं आलेली, दर सणाला घासून घासून पार गुळगुळीत, अक्षर म्हणून उरलं नाही, नुसता बोटाला कुठंतरी उंचवटा लागतो. म्हणाली, "तुला कळतंय न्हवं त्यातलं, बघ बरं कसली हाय." मी तळहातावर घेतली. सगळं सांगायचं तोंडावर आलं होतं, पॅटिना, ओरखडे, सगळं. तिनं तोपर्यंत चिंच भिजत घातली होती. मी विहिरीवरनं कळशी आणून दिली आणि ती घासत होती तेवढा वेळ शेजारी बसून राहिलो.