आघूर्ण, परिघात आणि माझी दोन वर्षं

इंदूरला हिंदी माध्यमात शिकलेल्यांसाठी मुद्दाम लिहितेय. अकरावीच्या फिजिक्समध्ये ‘जड़त्व आघूर्ण’ होतं, म्हणजे वस्तू अक्षाभोवती फिरवायला किती जड जाते त्याचं माप. बीएस्सीला स्टॅटिस्टिक्सच्या हिंदी पुस्तकात ‘परिघात’ आलं. दोन्हींना इंग्रजीत मोमेंटच म्हणतात, हे वर्गात कुणी एका वाक्यानेही सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. कार्ल पिअर्सनने १८९०च्या दशकात हा शब्द यंत्रशास्त्रातूनच तर उचलला होता!

स्टॅटिस्टिक्समध्ये मोमेंट म्हणजे एखाद्या बिंदूपासूनच्या अंतरांच्या घातांची सरासरी: पहिल्यात नुसती अंतरं, दुसऱ्यात वर्ग, तिसऱ्यात घन. शून्यापासूनचा पहिला मोमेंट म्हणजे सरासरी, ते लगेच कळलं. अडलं दुसऱ्यावर. व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, काढायचा तर वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करा. सूत्र पाठ होतं, मार्कही मिळायचे. पण वजा का करायचं, असं विचारलं की ‘कंस सोडवून बघ’ हे ठरलेलं उत्तर. कंस सुटायचे, मी मात्र तिथेच.

शेवटी एका रात्री रामबागेतल्या घरी ३० सेंटिमीटरची पट्टी घेतली आणि तीन सारखी नाणी ५, ८ आणि २० वर ठेवली. सरासरी ११. पेन्सिलीवर ११ला तोलायला गेले तर पट्टी कलंडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अर्ध्या तासाने लक्षात आलं, पट्टीचं स्वतःचं वजन १५वर आहे! मग पट्टी ठेवून दिली आणि वही घेतली. शून्यापासूनच्या अंतरांचे वर्ग २५, ६४, ४००, सरासरी १६३. अकरापासूनचे ३६, ९, ८१, सरासरी ४२. फरक १२१, म्हणजे अकराचा वर्ग. हे तर फिजिक्समधलं समांतर अक्षांचं प्रमेय: अक्ष गुरुत्वमध्यापासून समांतर सरकवला की जड़त्व आघूर्ण वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग एवढं वाढतं! एकूण वस्तुमान १ धरलं की व्हेरियन्स म्हणजे गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवतीचं जड़त्व आघूर्ण. अक्ष तिथून हलवला की ते वाढणारच, म्हणून परत येताना वजाबाकी. रात्री दीडला आईला उठवून सांगितलं.

तिसरा मग सोपा गेला. अकरापासूनच्या अंतरांच्या (डावीकडची ऋण धरून) घनांची सरासरी १६२, धन, कारण २०वरचं नाणं उजवीकडे लांब एकटं आहे. चौथ्याला पुस्तकं ‘टोकदारपणा’ म्हणतात, त्यावर जाऊ नका. चौथ्या घातात लांबच्या शेपट्याच, म्हणजे मध्यापासून फार दूरचे आकडेच, बोलतात.

आधीच सांगायला हवं होतं: मोमेंट कुठल्या बिंदूपासून घेतलाय, ते पहिल्या ओळीत लिहा. आणि फिजिक्सवाल्यांनो, वर्णरेषेचा (वर्णपटातल्या एका रेषेचा) लोरेंट्झ आकार म्हणजेच स्टॅटिस्टिक्समधलं कॉशी वितरण. ते सममित आहे म्हणून मधला बिंदू हीच सरासरी, असं लिहू नका. त्याच्या सरासरीचं इंटिग्रल अभिसारी नाही, म्हणजे ठरावीक संख्येवर स्थिरावत नाही, त्याला पहिला मोमेंटच नाही. माझे चार मार्क तिथे गेले.