पातळ काच आणि निळी कड

लातूरच्या ट्यूशन एरियात चष्म्याच्या दुकानातला जून कसा असतो, ते इथल्यांना सांगायला नको. मी ऑप्टोमेट्रिस्ट. निम्मा दिवस नंबर काढण्यात जातो, निम्मा ‘मॅडम, पातळातली पातळ काच द्या’ हे ऐकण्यात.

अहमदपूरकडचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले. नीटचं वर्ष. “मॅडम, ह्याला अक्षराच्या कडंला रंग दिसायलेत. अभ्यासानं डोक्यावर परिणाम झाला का काय की!” मायनस आठ, चष्मा नवाकोरा, दुसरीकडून घेतलेला. तिथं म्हणाले, नंबर वाढला असेल. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा बघितला. ते योग्यच, एवढ्या मायनसला पडदा बघायलाच हवा. पडदा ठीक होता.

मी नंबर काढला, तोच आला. लाल-हिरव्या पाटीवर दोन्हीकडची अक्षरं सारखीच काळी, म्हणजे नंबर बरोबर. लेन्सोमीटरवर, म्हणजे चष्म्याची काच तपासायच्या यंत्रावर, काचेचं सेंटरही बरोबर. मग त्याला म्हटलं, हनुवटी खाली घे आणि काचेच्या वरच्या भागातून ट्यूबलाइट बघ.

“खालून निळी कड, वरून नारंगी.” मान सरळ करून बघितलं की दोन्ही गायब!

काच 1.67 ची होती, म्हणजे तिचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते तो आकडा) 1.67; तो जितका जास्त तितकी काच पातळ. हा आकडा लाल आणि निळ्याच्या मधल्या रंगाचा. त्याच काचेत 656 नॅनोमीटरच्या लालला अपवर्तनांक थोडा कमी, 486 च्या निळ्याला थोडा जास्त, म्हणून निळा जास्त वळतो. केंद्रातून बघताना फरक पडत नाही. पण केंद्रापासून दीड सेंटिमीटर बाजूला मायनस आठची काच दीड गुणिले आठ, म्हणजे 12 डायॉप्टरचा प्रिझम होते. त्याला अ‍ॅबे आकड्यानं भागायचं. हा आकडा जितका मोठा तितके रंग कमी फाकतात. 1.67 ला तो साधारण 32, म्हणजे रंगांची फारकत 0.37 च्या पुढं. 1.60 च्या चांगल्या काचेला 41, म्हणजे 0.29. साध्या प्लास्टिकच्या काचेला, सीआर-39 ला, 58, म्हणजे 0.21, पण मायनस आठला ती किती जाड होईल बघा! कंपनीच्या रेटकार्डावर कोटिंगची नावं ठळक असतात, अ‍ॅबे आकडा शोधूनही सापडत नाही.

पोराचा बेंच कोपऱ्यातला. मान न वळवता तिरक्या नजरेनं बोर्ड उतरवून घ्यायचा. प्रिझमची गणितं रोज सोडवणारं पोरगं, पण नाकावरच्या काचेलाही तेच लागू होतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. मी सांगितल्यावर म्हणालं, “मॅडम, मग डोळ्यातल्या भिंगालाही असंच होत असणार की!” होतं ना. लाल-हिरवी पाटी त्यावरच तर चालते.

1.60 ची काच सुचवली आणि फ्रेम लहान घ्या म्हटलं. वडील म्हणाले, “फ्रेम नवीनच हाय, तीच ठिवा.” मग कड जाडच येणार, आली. त्यांनी जुनी काच ट्यूबलाइटकडं धरून कडेतून बघितलं, निळं दिसलं, कबूलही केलं. “पण पैसे पातळचे दिले होते आमी.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कंपनीचा माणूस म्हणतो, पंधरा दिवसांत सवय होते, कशाला बदललीत? बऱ्याच जणांना होते, हे खरंय. या पोरालाही कदाचित झाली असती, वडिलांचा दुसरा खर्च वाचला असता. पण माझ्या दुकानातून रोज 1.67 नेणारे किती जण कड दिसूनही बोलत नसतील, हे मात्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. आता पॉवर मोठी असली की काच ठरवण्याआधी मी वर्गातला बेंच कुठला ते विचारते.