डिस्क तुमची, किल्ली बॉक्सची

काका हार्डडिस्क घेऊन दुकानात आले तेव्हाच मी विचारलं, "बॉक्स कुठाय?" टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स घरी होता आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस तो परत न्यायला येणार होता. काकांनी कनेक्शन बंद केलं होतं. त्या बॉक्सला लावून रेकॉर्डिंग केलेल्या या डिस्कवर, त्यांच्या बहिणीने भाग घेतलेला टीव्हीवरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम होता. बहीण आता नाही. काकांच्या मुलाने त्यांना सांगितलं होतं, डिस्क कॉम्प्युटरला लाव, फाइल उचल, झालं.

लावली. कॉम्प्युटरने लगेच 'फॉरमॅट करू का?' विचारलं. इथे हो म्हणणारे बरेच भेटतात. मी ती खिडकी बंद केली. सेट-टॉप बॉक्सने डिस्कवर केलेली मांडणी विंडोजला सहसा कळत नाही, लिनक्सला बहुतेकदा कळते. फक्त वाचण्यापुरती डिस्क जोडली आणि फाइल्स दिसल्या, चांगल्या भरभक्कम. प्लेअरमध्ये मात्र नुसता काळा पडदा. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडून काकांना दाखवली: दर १८८ बाइटला ४७ हा आकडा, अगदी शिस्तीत. म्हणजे प्रक्षेपणाची पाकिटं जशीच्या तशी होती, फक्त आतला ऐवज कुलूपबंद. किल्ली त्या बॉक्सच्या चिपमध्ये. दुसरा, अगदी त्याच मॉडेलचा बॉक्स आणला तरी उपयोग नाही.

"डिस्क तर मी विकत घेतलीय," काका म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण बॉक्स परत गेला की डिस्कवरचं सगळं असून नसल्यासारखं.

काका रिक्षा करून बॉक्स घेऊन आले. नशिबाने कनेक्शन तुटलं तरी जुनं रेकॉर्डिंग बॉक्सवर चालत होतं. सगळ्या बॉक्सवर चालतंच असं नाही. एचडीएमआयमधून कॅप्चर करण्याच्या फंदात मी पडलो नाही, तिथे कॉपी-संरक्षण आडवं येतं. मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी थेट डीव्हीडी रेकॉर्डरला जोडल्या. चित्र एचडी राहत नाही, पण डीव्हीडीवर तसंही ७२० बाय ५७६च बसतं.

मग खरी तयारी. बॉक्सचा आपोआप बंद होण्याचा टायमर काढला, नाहीतर रिमोट हलला नाही की तो मध्येच झोपतो. रिमाइंडर बंद केले. त्या पट्ट्या रेकॉर्डिंगमध्ये कायमच्या उमटतात. या वायरींतला आवाज बॉक्सच्या व्हॉल्यूमप्रमाणे कमी-जास्त होत होता, म्हणून तो एकदाच चढवून ठेवला. टीव्हीचा आकार १६:९ केला. दीड तासाचा भाग रेकॉर्डरच्या एसपी या नेहमीच्या दर्जाच्या मोडमध्ये ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर मावतो, तो मोड लावला आणि प्ले दाबलं. रिमोट ड्रॉवरमध्ये टाकला.

इथून पुढे घाई करता येत नाही. दीड तासाच्या कार्यक्रमाला दीड तासच. काका स्टुलावर बसून बहिणीच्या आधी उत्तरं देत होते, मोठ्याने. "हे तिला येतंय, बघा आता." आलं. पुढचं एक उत्तर बहिणीचं चुकलं, काकांचंही तेच चुकलं, आणि दोघांनी कपाळावर हात मारला तोही सारखाच! माझं त्या दुपारी दुसरं काहीही काम झालं नाही.

त्यांना एक सिनेमाही हवा होता. रेकॉर्डरने 'कॉपी करता येत नाही' असं सांगून थेट थांबवलं. सिग्नलमध्येच तशी खूण येते. ते सोडून द्या म्हटलं. त्यांनीही आग्रह धरला नाही.

डीव्हीडी फायनलाइज केली, म्हणजे तिचं लिखाण बंद करून टाकलं, नाहीतर ती दुसऱ्या प्लेअरवर लागतेच असं नाही, आणि दुकानातल्या जुन्या प्लेअरवर लावून पाहिली. भाचरांसाठी आणखी प्रती काढल्या. त्या मात्र मिनिटांत झाल्या. मग काकांना विचारून त्यांच्या हार्डडिस्कला फॉरमॅट मारला आणि डीव्हीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, तिच्यावरही टाकून दिली. घरी लिहिलेली डीव्हीडी किती वर्षं टिकेल याची हमी मी कुणालाच देत नाही.